पंचेचाळीस मिनिटांची वाफ

बैठक दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी अकरा वाजता निकमसाहेबांच्या हॉलमध्ये झाली. विषय मुलीच्या लग्नातला मानपान. रक्कम बेचाळीस हजार. मुलाकडचे एकवीस मानकरी, माणशी दोन हजार. हजर चार जण: निकमसाहेब, त्यांच्या पत्नी मंदाताई, मुलगी प्रणाली आणि मी. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि सोसायटीची खजिनदार आहे. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणाचंही लग्न ठरलं की मला चहाला बोलावतात आणि चहाबरोबर कागद-पेन पुढे सरकवतात.

मंदाताईंचा बेत सरळ होता. एकवीस माणसं, एकवीस शाली, दुकान ठरलेलं, रंग मरून. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शाली नकोत. मी एकवीस स्कार्फ करतो. रेशमी. हातानं रंगवलेले."

मंदाताई माझ्याकडे वळल्या. "लिही गं सुनंदा. खर्च शून्य, अब्रू शून्य."

"खर्च शून्य नाही," साहेब म्हणाले. "कापडाचा पन्ना चव्वेचाळीस इंची. मधोमध फाडला की एका तुकड्यात दोन स्कार्फ. पावणेदोन मीटरचे अकरा तुकडे घेऊ. एक जास्तीचा राहील, नमुन्याला."

"सव्वाएकोणीस मीटर," मी म्हणाले. "चारशे साठच्या भावानं आठ हजार आठशे पंचावन्न."

"म्हणजे तेहतीस हजार वाचले."

"वाचवायला सांगितलं कुणी?" मंदाताईंनी विचारलं. "आणि सायखेड्याची माणसं आहेत ती. टॉवेल-टोपी समजते त्यांना, शाल समजते. ही तुमची फडकी घेऊन ती काय करणार? चार वर्षांत एकशे बारा वाटलेत तुम्ही. सुनंदा, खरं सांग, एक तरी माणूस बघितलास तो गळ्यात घातलेला?"

मी चहा प्यायले. मी बघितला नव्हता. माझ्या स्वतःच्या गळ्यातही नाही.

मग मंदाताईंनी अट घातली, आणि ती मी त्याच कागदावर मानपानाच्या यादीखाली लिहून घेतली. लग्नात मुलाकडच्या एकानं, फक्त एकानं, स्कार्फ गळ्यात ठेवला तर मंदाताई रंगाबद्दल जन्मात बोलणार नाहीत. कुणीच ठेवला नाही, तर पातेली, रंग, मीठ, खाटेची चौकट, सगळं घराबाहेर, आणि गॅलरी पुन्हा कपडे वाळत घालायला मोकळी. साहेबांनी स्वतःहून एक कलम वाढवलं: मानपान करताना आपण त्यांच्या खांद्यावर टाकू तो धरायचा नाही. माणूस आपल्या जागेवर जाऊन बसला, दहा मिनिटं झाली आणि तरी गळ्यात असला, तरच धरायचा. मोजणी मी करायची.

"अहो, पप्पा, माझं लग्न आहे ते," प्रणाली म्हणाली. तिचं वाक्य मी लिहिलं नाही, कारण ते विषयपत्रिकेत नव्हतं.

निकमसाहेब एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं ते तिथल्या प्रयोगशाळेत होते. काम एकच, बॉयलरला जाणारं पाणी तपासायचं. "वीज मी केली नाही," असं ते सांगायचे, "पाणी बिघडू दिलं नाही, एवढंच." आता ते दोघं सटाण्याला, मंदाताईंच्या भावाच्या डाळिंबाच्या मळ्यात राहायला गेलेत. वरचा फ्लॅट भाड्यानं दिलाय. माझ्या गॅलरीत हल्ली वरून काही ठिबकत नाही.

साहेबांची उंची पाच फूट तीन इंच. शर्टाच्या खिशात कायम तीन वस्तू: पेन, टाचण्यांची डबी आणि पाणी तपासायच्या कागदी पट्ट्यांचं पुडकं. कुणाकडे पाणी प्यायला दिलं की ते आधी पट्टी बुडवायचे, रंग बघायचे आणि मग प्यायचे. चहातही बुडवायचे. यजमानाला वाईट वाटेल असं त्यांना कधी सुचलंच नाही, आणि वाटलं तरी ते म्हणायचे, "नमुना घेतल्याशिवाय मत नाही." हे त्यांचं आवडतं वाक्य. राजकारण, नवीन डॉक्टर, शेजारच्यांची सून, कशावरही मत विचारलं तरी हेच उत्तर.

प्रणालीला बघायला मुलगा आला तेव्हा पोह्यांच्या आधी साहेबांनी त्याच्यापुढे पाण्याचे तीन पेले ठेवले. एक बोअरचं, एक नळाचं, एक फिल्टरचं. "ओळखा." मुलाचे आईवडील एकमेकांकडे बघायला लागले. मुलानं तिन्ही चाखले आणि म्हणाला, "हे बोअरचं. बाकी दोन मला सारखीच लागतात." साहेब खूश झाले. बोअर ओळखलं म्हणून नव्हे. बाकीची दोन ओळखल्याचं त्यानं सोंग केलं नाही म्हणून. बघण्याचा कार्यक्रम तिथेच संपला, पुढचे पोहे फक्त खायचे राहिले, असं प्रणाली सांगते.

आकड्याला ते हात लावू देत नसत. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची तपासणी ते फुकट करायचे आणि दर महिन्याला मला चिठ्ठी द्यायचे. एकदा मी जागा कमी म्हणून सात पूर्णांक सदतीसचं सात पूर्णांक चार लिहिलं. ते जिना उतरून आले. "मॅडम, तीन शतांश कुठून आणलेत?" माझा स्वभावही आकड्याचा आहे, म्हणून मला राग आला नाही. पण तीन शतांशांसाठी कुणी जिना उतरेल असं मला तोवर वाटलं नव्हतं.

स्कार्फचं खूळ निवृत्तीच्या समारंभातून निघालं. त्या दिवशी त्यांना नऊ शाली आणि चार भिंतीवरची घड्याळं मिळाली. घरी येऊन त्यांनी शाली पलंगावर ओळीनं मांडल्या आणि एकेक उलगडली. सहाव्या शालीच्या घडीत एक कार्ड निघालं. त्यावर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव आणि "एकसष्टीनिमित्त सप्रेम". म्हणजे ती शाल आधी कुणाच्या तरी एकसष्टीला गेली होती आणि घडी न मोडता पुढे निघाली होती.

यात नवल काही नाही. आपल्याकडे ब्लाउजपीस, टॉवेल-टोपी, शाल आणि स्टीलचा डबा या वस्तू वापरायच्या नसतातच, त्या फिरवायच्या असतात. माझ्या कपाटात त्यासाठी वेगळा कप्पा आहे. प्रत्येक घडीवर कुणाकडून आलं ते चिकटवून ठेवते, म्हणजे त्यांनाच परत जायला नको. प्रत्येक व्यवस्थित घरात असा कप्पा असतो.

निकमसाहेबांना मात्र ते कार्ड लागलं. "नऊ शाली, आणि एकीलाही कुणाचा हात लागलेला नाही," असं ते आठवडाभर म्हणत राहिले. मग म्हणायला लागले, "भेट म्हणजे वेळ. कुणी किती वेळ दिला ते कळलं पाहिजे." आणि पुढच्या महिन्यात त्यांनी जुन्या खाटेचे पाय कापले.

त्या खाटेच्या चौकटीवर ते पांढरं रेशीम ताणून टाचण्यांनी बसवायचे. कापड येवल्याच्या एका व्यापाऱ्याकडून आणायचे. आधी ते कांद्याच्या सालींच्या नाहीतर डाळिंबाच्या सालींच्या पाण्यात तुरटी घालून उकळलेलं असायचं. कांद्यानं तांबूस, डाळिंबानं पिवळं. साली मिळायला आपल्या जिल्ह्यात अडचण नाही. त्यांच्या गॅलरीत दोन पोती कायम उभी. मग चौकटीवर मेणाच्या रेघा, रेघांमध्ये विकतचे रंग, आणि रंग ओला असतानाच वर खडे मीठ. मीठ पडलं की रंग त्याच्याकडे धावतो आणि फुलं उमटतात. हे सुंदर दिसायचं, ते मी नाकारत नाही. वाळलं की कापड वर्तमानपत्रात गुंडाळून इडलीपात्रात पंचेचाळीस मिनिटं वाफवायचं. वाफेनं रंग पक्का होतो. वाफ झाल्यावरच धुवायचं.

चित्रं मात्र त्यांना एकाच प्रकारची यायची. लांब वळणदार रेघा, त्यांना फाटे, फाट्यांना गोल. सगळ्यांना वाटायचं, द्राक्षाची वेल. नाशिकचा माणूस, दुसरं काय काढणार. मी एकदा तसं म्हणाले तर ते दुखावले. "वेल? मॅडम, ही बॉयलरची पाइपलाइन आहे. हे गोल म्हणजे व्हॉल्व्ह."

पहिल्या वर्षी माझ्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर वरून निळा रंग ठिबकला. मी चादर घेऊन वर गेले. साहेबांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली, कात्रीनं कडेचा चौकोनी तुकडा कापला आणि वहीत चिकटवला. "सुती कापडावर हा रंग धरत नाही असं माझं मत होतं," ते म्हणाले. "चुकीचं निघालं. आभारी आहे." मंदाताईंनी मला नवी चादर दिली. ती त्यांच्या कप्प्यातली होती. घडीवर तारीख होती.

त्याच वर्षी एका सकाळी त्यांच्या घरच्या इडल्या गुलाबी निघाल्या. मंदाताईंचं माहेर सटाण्याकडचं. त्या चिडल्या की माहेरच्या बोलीत जातात. "हाई काय शे?" हा त्यांचा आवाज मला खाली ऐकू आला, आणि पाठोपाठ साहेबांचं शांत उत्तर, "पात्र नीट धुतलं गेलं नाही. चूक माझी. पण रंग एकसारखा आलाय, हे बघ." दुपारपर्यंत नवीन इडलीपात्र आलं. जुनं कायमचं रंगाकडे गेलं.

प्रत्येक स्कार्फबरोबर ते एक चिठ्ठी द्यायचे. ती मी शब्दशः देते, कारण माझ्याकडे एक आहे:

"क्र. ३१. रंग: कांद्याची साल, तुरटी, निळा. मीठ: दोन चमचे. वाफ: ४५ मिनिटे. एकूण वेळ: ६ तास १० मिनिटे. शेरा: उजव्या टोकाला निळा थोडा पसरला आहे."

हा क्रमांक स्कार्फच्या कोपऱ्यातही बारीक अक्षरात असायचा. आणि इथेच सगळ्यांची पंचाईत झाली. ब्लाउजपीसला नंबर नसतो.

एकतीस नंबर साहेबांनी मला वाढदिवसाला दिला होता. कांद्याचा तांबूस रंग मला शोभत नाही. मी तो कप्प्यात ठेवला, चिठ्ठी काढून घेतली आणि वर्षभरानं ऑफिसमधल्या एका बाईंच्या वास्तुशांतीला दिला. त्यांनी तो नणंदेला दिला. नणंदेनं सासऱ्यांना दिला. सासरे एका ज्येष्ठ नागरिकांच्या मंडळात होते. त्या मंडळानं पाणी या विषयावर व्याख्यान ठेवलं आणि व्याख्याते म्हणून निकमसाहेबांना बोलावलं.

मी त्या कार्यक्रमाला होते. अध्यक्षांनी माइकवरून जाहीर केलं, "पाहुण्यांचा सत्कार आपण खास मागवलेल्या रेशमी वस्त्रानं करत आहोत," आणि एकतीस नंबर साहेबांच्या खांद्यावर घातला. साहेबांनी कोपरा उलटून बघितला. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा बघितला. मी पुढच्या रांगेत होते; मला उठून जाता येईना. त्यांनी व्याख्यान चांगलं दिलं. तेवढं मात्र खरं.

दोन दिवसांत त्यांनी फोनवर फोन करून उलटा माग काढला आणि माझ्या दारात आले. हातात वही.

"मॅडम, एकतीस तुम्ही पुढे दिलात."

"दिला," मी म्हणाले. खोटं बोलायचं तर तयारी लागते, ती नव्हती.

"रागावलो नाही. कारण पाहिजे. पोत, रंग की लांबी?"

"रंग. मला शोभत नाही."

"घालून बघितलात?"

"नाही."

त्यांनी लिहिलं. मला वाचूनही दाखवलं: "कारण, शोभत नाही. न घालता." मग म्हणाले, "चार हातांतून गेला आणि एकाही हातानं घडी मोडली नाही. माझीच घडी होती अजून." आणि जिना चढून गेले. इतकं हळू वर जाताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

आता कळेल की दिवाळीनंतरच्या त्या बैठकीत ते पैजेला एवढ्या पटकन का तयार झाले.

एकवीस स्कार्फना त्यांना पाच महिने लागले. यादी त्यांनी मानाप्रमाणे लावली आणि उलटी धरली: सगळ्यात लहान मानकऱ्याचा पहिला, सगळ्यात मोठ्याचा शेवटी. म्हणजे हात बसत जाईल आणि सगळ्यात चांगलं काम नवरदेवाच्या मामांच्या वाट्याला येईल. विचार बरोबर होता. मामांचा एकविसावा स्कार्फ खरंच सगळ्यात सुंदर झाला. डाळिंबाचा पिवळा, त्यावर निळी पाइपलाइन, आणि मिठाची अशी फुलं की मंदाताईसुद्धा दोनदा येऊन बघून गेल्या. "बघायला येत नव्हते, गॅस बंद आहे का बघत होते," असं त्यांनी मला सांगितलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी साडेचारला साहेबांनी मामांचा स्कार्फ वाफेला लावला. पाचला पंधरा मिनिटं कमी असताना सिलिंडर संपला. दुसरा सिलिंडर मंदाताईंनी सकाळीच पाहुण्यांच्या चहासाठी लॉन्सवर पाठवला होता, आणि तिथली शेगडी लग्नापर्यंत चहातून मोकळी होणार नव्हती. लॉन्स म्हणजे सायखेड्याच्या रस्त्यावरचं हिरवळीचं कार्यालय. मी रुखवताचे डबे घेऊन तिकडेच गेले होते आणि माझ्या घराला कुलूप होतं. बाकीच्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे मागणार, तर निम्मी बिल्डिंग लॉन्सवर पोचली होती आणि उरलेली निम्मी आमच्याच टेम्पोत बसून हॉर्न वाजवत होती.

चौतीस वर्षं वाफेच्या पाण्याची राखण केलेल्या माणसाला तीस मिनिटांची वाफ कमी पडली.

"चिठ्ठीवर पंचेचाळीस लिहा आणि चला," मंदाताई म्हणाल्या. "कोण वाचतंय?"

"नोंद खोटी लिहायची नाही."

"मग चिठ्ठीच देऊ नका त्यांना."

"सगळ्यांना चिठ्ठी आणि मामांना नाही? हा तर अपमान झाला."

त्यांनी लिहिलं: "वाफ: १५ मिनिटे. धुणे: बाकी. शेरा: लग्नानंतर परत घेऊन वाफ पूर्ण करून देण्यात येईल." खाली सही केली.

लग्न दुपारी बारा सत्तावीसचं. मानपान अकराला सुरू झाला. साहेबांनी एकेकाच्या खांद्यावर स्कार्फ टाकला, हातात चिठ्ठी दिली, नमस्कार केला. मी खांबाजवळ खुर्ची घेऊन मोजायला बसले. पहिल्या वीस जणांचं फळ असं: सतरा जणांनी जागेवर पोचायच्या आत घडी घालून बायकोच्या पिशवीत टाकला. एकानं तो शेजारच्या खुर्चीवर जागा धरायला ठेवला. एका काकांनी नातवाचं नाक पुसलं. एका मावशींनी तो बराच वेळ गळ्यात ठेवला, मी नवव्या मिनिटाला सावरून बसले, आणि मग त्यांनी तो काढून माझ्याच शेजारच्या बाईला विचारलं, "हे कशासाठी असतं?" दहा मिनिटं भरायला पंचवीस सेकंद कमी होते. मी धरला नाही. मंदाताई लांबून माझ्याकडे बघत होत्या. मी नकारार्थी मान हलवली.

राहिले मामा. भागवतमामा एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. नोकरीभर गाड्या वेळेवर सोडल्या, आता शेती बघतात. पांढरा कडक शर्ट, पांढरी टोपी. त्यांनी स्कार्फ घेतला, खुर्चीवर बसले आणि त्या लॉन्सवर कुणीही न केलेली गोष्ट केली. चिठ्ठी वाचली.

मग शेजारच्या दाजींची मागून घेतली. मग त्यामागच्यांची. पाच-सहा चिठ्ठ्या मांडीवर लावल्या आणि उभे राहिले.

"निकमसाहेब, जरा इकडं या."

साहेब गेले. मीही मागे गेले.

"हे दाजी. यांना पंचेचाळीस मिनिटं. हा आमचा चुलतभाऊ, याला पंचेचाळीस. हे पोरगं अजून बारावीत हाय, त्याला पंचेचाळीस. अन् नवरदेवाच्या सख्ख्या मामाला पंधरा?"

"गॅस संपला," साहेब म्हणाले. "खाली शेरा लिहिलाय."

"वाचला ना. लग्नानंतर परत घेणार म्हणता. आहेर परत घेत्यात का कुठं?"

"वाफ पुरी झाली नाही तर घामानं रंग सुटेल. तुमचा शर्ट निळा होईल."

"म्हणजे मला कच्चा दिला."

"हो," साहेब म्हणाले.

मुलाचे वडील धावत आले. मंदाताई त्यांच्याही आधी पोचल्या होत्या, आणि हातात एक शाल होती. मरून. एवढी एकच त्यांनी गुपचूप आणून ठेवली होती. "भाऊसाहेब, ही घ्या. यांचं काही मनावर घेऊ नका."

"शाली माझ्याकडं चौदा हायेत, ताई. लुगड्यांगत फिरतात," मामा म्हणाले. "मला शाल नको. माझी तीस मिनिटं द्या."

मला वाटलं, संपलं. बारा सत्तावीसचा मुहूर्त आणि नवरदेवाचे मामा खुर्चीत हाताची घडी घालून. प्रणालीनं खोलीच्या खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय झालं?" काय सांगणार, तीस मिनिटांच्या वाफेवरून लग्न अडलंय?

साहेबांनी घड्याळात बघितलं. अकरा त्रेचाळीस. त्यांच्या चेहऱ्यावर मला अपमान दिसला नाही, काळजीही नाही. त्यांच्या चेहऱ्यावर काम दिसलं. "चला," ते मामांना म्हणाले.

लॉन्सच्या मागे आचाऱ्याची भट्टी. तीनशे माणसांच्या भाताचं आधण नुकतंच उकळलं होतं आणि आचारी रामदास तांदळाची पाटी उचलत होता.

"थांबा," साहेब म्हणाले. "तांदूळ टाकू नका. पाणी मला पाहिजे."

"साहेब, लय टाइम झालाय. भात कधी व्हायचा?"

"अर्धा तास. पाणी तेच वापरा नंतर. स्वच्छ राहील." असं म्हणून त्यांनी खिशातली पट्टी काढून आधणात बुडवली. "उत्तम आहे."

रामदास माझ्याकडे बघून म्हणाला, "यांना काय झालंय?"

"मुलीचे वडील आहेत," मी म्हणाले. एवढ्यावर त्यानं पाटी खाली ठेवली.

वर्तमानपत्र मिळालं. साहेबांनी स्कार्फ गुंडाळला, फडक्यात बांधला, पातेल्यावर मोठी चाळण ठेवली, चाळणीत गुंडाळी, वर परात, परातीवर पोळपाट. अकरा एक्कावन्न. "लावा," मामांना म्हणाले. मामांनी मनगटावरचं घड्याळ सोडून हातात धरलं.

ती तीस मिनिटं मी जवळून बघितली. एप्रिलचं ऊन, भट्टीची धग, आणि दोन म्हातारे एका पातेल्याशी उभे. मग मामांनी विचारलं, "हे वेलाचं चित्र तुम्हीच काढलं?"

"वेल नाही. पाइपलाइन."

मामांनी थोडा विचार केला. "तरीच. म्हटलं पानं कशी नाहीत. अन् हे गोल?"

"व्हॉल्व्ह."

"बंद का चालू?"

साहेबांनी मामांकडे बघितलं. चार वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, मीही नाही. "तीन चालू," ते म्हणाले. "एक बंद. डावीकडचा."

गुरुजींचा माणूस दोनदा बोलवायला आला. दोन्ही वेळा मामांनी घड्याळ दाखवून त्याला परत पाठवलं. "गाडी वेळेच्या आधी सुटत नसती," म्हणाले. साहेबांनी एकविसाव्या मिनिटाला परात उचलून बघायचा विचार केला तर मामांनी त्यांचा हात धरला.

बारा एकवीसला गुंडाळी उतरवली. कागद सोडला. आत स्कार्फ गरम, किंचित दमट, आणि निळा असा गडद झालेला की मघाशी होता तो फिका वाटावा. साहेबांनी चिठ्ठी मागितली, पंधरावर काट मारून पंचेचाळीस लिहिलं, सही केली आणि वेळ टाकली. मामांनी स्कार्फ स्वतःच्या हातानं गळ्यात घातला, टोपी सारखी केली आणि लांब पावलं टाकत मंडपाकडे गेले.

मंगलाष्टकं झाली, अक्षता झाल्या. मामांच्या कपाळावरून घामाची धार लागली होती. शर्ट पांढराच राहिला. मी दहा मिनिटं मोजली, मग वीस, मग मोजणं सोडलं. पंगत बसली तेव्हाही तो गळ्यात होता, आणि मामा शेजारच्या माणसाला बंद व्हॉल्व्ह दाखवत होते.

मी मंदाताईंना जाऊन सांगितलं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "डोळे आहेत मला." आणि शालीचा डबा टेबलाखाली पायानं आत ढकलला.

भात पावणेदोनला आला. वरण गार झालं होतं. रामदास हिशेबाच्या वेळी दोनशे रुपये वरचे मागायला आला. भट्टी खोळंबली, माणसं ताटकळली, दुसऱ्या ठिकाणचं संध्याकाळचं काम होतं. साहेबांनी पाकीट काढलं. मामा जेवण सोडून उठले.

"मी देतो. मिनिटं माझी होती."

"तुम्ही मुलाकडचे. तुमच्याकडून घेता येत नाही."

"मग अर्धे अर्धे."

"वाफ माझी कमी पडली होती. जबाबदारी माझी."

"पाणी तर आचाऱ्याचं होतं ना? अन् घड्याळ माझं!"

दोघांचेही हात रामदासच्या तोंडापुढे, दोघांच्याही हातात नोटा, आणि रामदास कुणाच्या घ्याव्यात म्हणून माझ्याकडे बघतोय. साहेबांचा चेहरा भट्टीनं लाल झाला होता, शर्टाला कागदाची शाई लागली होती, खिशातल्या टाचण्या सांडल्या होत्या. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मंदाताईंनी दोघांना बाजूला सारलं आणि पर्स उघडली.

लग्नाच्या हिशेबात शेवटची नोंद मी लिहिली: भात उशिरा झाल्याबद्दल आचारी रामदास यांना रोख दोनशे रुपये. दिले, सौ. मंदा निकम यांनी.